प्रकल्प नोंदी: एकच टेक, २४ आणि ४८ फ्रेम्समध्ये

९ नोव्हेंबर २०२४

जानेवारीत आमच्या चित्रपट मंडळाच्या सभासदांपुढे करायच्या प्रात्यक्षिकाचा विषय आज पक्का झाला. सेकंदाला २४ ऐवजी ४८ फ्रेम्स (स्थिर चित्रे) दाखवल्या, तर चित्रपट पाहण्याच्या अनुभवात नेमका कोणता फरक पडतो, हे पडद्यावर दाखवायचे आहे. या विषयावर मते भरपूर आहेत आणि ती बहुतेक टोकाची आहेत. डिसेंबर २०१२ मध्ये पीटर जॅक्सन यांच्या 'द हॉबिट' मालिकेतील पहिला चित्रपट निवडक चित्रपटगृहांत ४८ फ्रेम्समध्ये लागला, तेव्हा काहींना त्यात सिनेमाचे भविष्य दिसले, तर काहींना महागड्या सेटवर केलेले स्वस्त व्हिडिओ चित्रीकरण. दोन्ही बाजू हिरिरीने मांडल्या गेल्या. परंतु एकच शॉट, एकाच पडद्यावर, एकाच बैठकीत दोन्ही वेगांनी पाहून बोलणारे त्यांत थोडेच असावेत. आम्हाला तेवढेच करायचे आहे. टेक, नट आणि उजेड तेच ठेवून फक्त वेग बदलायचा.

थ्रीडी मुद्दाम वगळले आहे. अलीकडच्या दशकांत वाढीव वेगाचे जे मोठे चित्रपट आले ते प्रामुख्याने थ्रीडीत आले, त्यामुळे चष्म्याने मंदावलेला उजेड, डोळ्यांवरचा ताण आणि फ्रेमचा वेग या तिन्ही गोष्टींची चर्चा एकमेकींत मिसळून गेली आहे.

१३ नोव्हेंबर २०२४

प्रास्ताविकाचे टिपण तयार केले. २४ हा आकडा डोळ्याच्या रचनेतून आलेला नाही, हे सुरुवातीलाच सांगणे आवश्यक आहे, कारण सभासदांपैकी बऱ्याच जणांची समजूत तशी आहे. मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवला जाई. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) याच पद्धतीने चित्रित झाला. चित्रीकरणाचा वेग एक आणि प्रक्षेपणाचा दुसरा, असे सर्रास चालत असे आणि प्रेक्षक त्याबद्दल तक्रार करत नसत. बोलपट आल्यावर मात्र हा सैलपणा चालेनासा झाला. चित्राचा वेग थोडा डळमळला तर डोळा सांभाळून घेतो, परंतु आवाजाची पट्टी थोडी जरी हलली तरी कान लगेच पकडतो. तेव्हा एक पक्का वेग ठरवणे भाग पडले. बोलपटांची ध्वनियंत्रणा घडवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीच्या अभियंत्यांनी त्या वेळी चित्रपटगृहांत प्रत्यक्ष चालणारे वेग विचारात घेतले. मोठ्या चित्रपटगृहांत मिनिटाला ८० ते ९० फूट आणि लहान ठिकाणी १०० फूट किंवा त्याहून अधिक फिल्म सोडली जात होती. त्यांनी ९० फूट हा मध्यम मार्ग स्वीकारला. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम्स बसतात, म्हणजे सेकंदाला बरोबर २४. 'आलम आरा' (१९३१) आणि 'अयोध्येचा राजा' (१९३२) येईपर्यंत हा व्यवहारी तोडगा नियम होऊन बसला होता.

यात एक बारकावा आहे आणि तो न सांगता पुढे गेलो तर सगळे प्रात्यक्षिक फसेल. सेकंदाला २४ वेळा उजेड-अंधार झाला तर पडदा लुकलुकताना दिसतो, म्हणून फिल्म प्रोजेक्टरच्या शटरला (उजेड अडवणाऱ्या फिरत्या झडपेला) दोन पाती लावून प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवली जात असे. थोडक्यात, जुन्या चित्रपटगृहांतही डोळ्यावर सेकंदाला ४८ वेळा उजेड पडतच होता. फक्त चित्रे २४ होती आणि प्रत्येकाची एकदा पुनरावृत्ती होत होती. लुकलुकणे थांबवणे हा एक प्रश्न आहे आणि हालचालीचे अधिक नमुने दाखवणे हा दुसरा. आमचा प्रयोग दुसऱ्या प्रश्नाचा आहे.

आधीच्या प्रयत्नांचा उल्लेख दोन मिनिटांत उरकायचा आहे. टॉड-एओ या रुंद फिल्मच्या पद्धतीने ३० फ्रेम्सवर चित्रित झालेला 'ओक्लाहोमा!' (१९५५) आणि १९९२ च्या सेव्हिल जागतिक प्रदर्शनासाठी ४८ फ्रेम्सवर झालेला आयमॅक्सचा प्रयोग यांची नावे पुरेत. दृश्यपरिणामांचे जाणकार डग्लस ट्रम्बुल यांच्या 'शोस्कॅन' या पद्धतीबद्दल मात्र थोडे अधिक सांगावेसे वाटते. वेगवेगळ्या वेगांच्या चित्रफिती पाहताना प्रेक्षकांच्या शरीरात उमटणारा प्रतिसाद मोजून त्यांनी ७० मिलिमीटर फिल्मवर ६० फ्रेम्सचा वेग निवडला होता. 'ब्रेनस्टॉर्म' (१९८३) या पद्धतीने करण्याचा त्यांचा बेत होता. चित्रपट अखेर २४ फ्रेम्सवरच प्रदर्शित झाला. अडीचपट फिल्म आणि नवे प्रोजेक्टर यांचा खर्च चित्रपटगृहांनी उचलावा, असे कारण त्या काळी कोणाकडेही नव्हते.

१७ नोव्हेंबर २०२४

आजचा दिवस आकडेमोडीत गेला आणि प्रयोगाची मुख्य अडचण सुटली. एकाच टेकमधून दोन्ही वेग काढायचे, तर चित्रीकरण कोणत्या वेगाने करावे? पहिला विचार १२० फ्रेम्सचा होता, कारण तो आकडा २४ ने निःशेष भागला जातो. परंतु १२० मधून ४८ काढताना अडीचचे प्रमाण येते आणि अर्धी फ्रेम कोठून आणणार? म्हणून ९६ ठरले. कॅमेऱ्याचे शटर पूर्ण उघडे, म्हणजे ३६० अंशांवर ठेवले (१८० अंश म्हणजे फ्रेमच्या निम्म्या वेळापुरते उघडे), तर प्रत्येक फ्रेमवर १/९६ सेकंदाचा प्रकाश पडतो आणि दोन फ्रेम्समध्ये काळाची फट उरत नाही. त्यानंतर:

चार फ्रेम्सच्या प्रत्येक गटातील पहिल्या दोन एकत्र केल्या की २४ फ्रेम्स मिळतात आणि प्रत्येकीचा प्रकाशकाल १/४८ सेकंद होतो, म्हणजे चित्रपटांचे नेहमीचे १८० अंशांचे शटर. ही 'क' प्रत. एकाआड एक फ्रेम घेतली की ४८ फ्रेम्स मिळतात, प्रकाशकाल १/९६. ही 'ख' प्रत. लागोपाठच्या दोन-दोन फ्रेम्स जोडल्या की ४८ फ्रेम्सच राहतात, पण प्रकाशकाल १/४८ होऊन हालचालीची पुसटता 'क' एवढीच होते. ही 'ग' प्रत.

'ग' प्रतीमुळे प्रयोगाला धार येईल असे मला वाटते. वाढीव वेगाबद्दल बोलताना लोक दोन गोष्टी एक समजतात: चित्रांची संख्या आणि प्रत्येक चित्राची रेखीवता. 'क' आणि 'ग' यांमध्ये रेखीवता सारखी आहे आणि संख्या वेगळी. 'ख' आणि 'ग' यांमध्ये संख्या सारखी आहे आणि रेखीवता वेगळी. जॅक्सन यांनी २७० अंशांचे शटर वापरले होते, म्हणजे १/६४ सेकंद. तो आकडा आमच्या 'ख' आणि 'ग' यांच्या मधोमध बसतो, यावरून त्यांनाही हीच तडजोड करावी लागली असणार.

घरातील दिवे वापरता येणार नाहीत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात आणि ९६ शी त्याचा मेळ बसत नाही. सगळे चित्रीकरण दिवसाच्या उजेडात होईल.

२४ नोव्हेंबर २०२४

तीन प्रसंग चित्रित झाले. पहिला, शाळेच्या मैदानावर लेझीम खेळणारे मुलामुलींचे पथक, स्थिर कॅमेऱ्याने. दुसरा, बाजीराव रस्त्यावरच्या विश्रामबाग वाड्याच्या लाकडी दर्शनी भागावरून डावीकडून उजवीकडे जाणारा पॅन (कॅमेरा आडवा फिरवत घेतलेला शॉट), एकदा सावकाश आणि एकदा मुद्दाम वेगाने. तिसरा, ऐतिहासिक नाटकात काम करणाऱ्या एका नटाचा चेहरा, अगदी जवळून, खिडकीच्या उजेडात, पगडी आणि चिकटवलेल्या मिशांसह. त्यांनी नाटकातलेच एक छोटे स्वगत म्हटले. पहाटे रंगभूषा करून आलेल्या त्या ज्येष्ठ नटांनी "एवढ्या जवळून रंगभूमीचा मेकअप कशाला घेताय?" असे विचारले. तेच तर पाहायचे आहे, असे त्यांना सांगितले.

३० नोव्हेंबर २०२४

तिन्ही प्रती तयार झाल्या. फ्रेम्स जोडताना सरासरी सरळ व्हिडिओच्या मूल्यांवर न घेता आधी ती मूल्ये रेषीय प्रकाशमूल्यांत (प्रत्यक्ष उजेडाच्या प्रमाणातील आकड्यांत) बदलून मग घेतली. तसे न केल्यास लेझमीच्या चकत्यांवरची चमक जोडणीत मंद पडते आणि खऱ्या शटरची पुसटता उमटत नाही.

८ डिसेंबर २०२४

ज्या छोट्या प्रेक्षागृहात प्रात्यक्षिक आहे तेथे फाइल चालवून पाहिली. डिजिटल सिनेमाच्या मूळ मानकात २के (सुमारे दोन हजार बिंदू रुंद) आकारासाठी ४८ फ्रेम्सची तरतूद पहिल्यापासून आहे, त्यामुळे सर्व्हरने कुरकुर केली नाही. तेथील ऑपरेटर काकांनी फिल्मच्या दिवसांपासून प्रोजेक्टर सांभाळला आहे. फाइलचा तपशील पाहून त्यांनी एकच प्रश्न विचारला, आणि तो अगदी नेमका होता: "फ्रेम दुप्पट केल्या, पण वाटा तेवढाच ना?" खरेच, चित्राच्या माहितीवरची सेकंदाला २५० मेगाबिटची मर्यादा दोन्ही वेगांना सारखीच आहे. २४ वर एका फ्रेमच्या वाट्याला सुमारे १.३ मेगाबाइट येतात, ४८ वर त्याच्या निम्मे. आमच्या दृश्यांत ते पुरले. लाकडी कोरीवकामाच्या वेगवान पॅनमध्येही चित्राची माहिती दाबून लहान केल्याच्या खुणा पडद्यावर दिसल्या नाहीत. पावसाचे किंवा उधळलेल्या गुलालाचे दृश्य असते, तर कदाचित एवढ्या सहज निभावले नसते.

१५ डिसेंबर २०२४

रिकाम्या प्रेक्षागृहात तिन्ही प्रती लागोपाठ पाहिल्या. आज फक्त वाडा आणि लेझीम यांची नोंद करतो. चेहऱ्यासाठी वेगळी बैठक हवी.

वाड्याचा सावकाश पॅन 'क' मध्येही सुसह्य आहे. छायाचित्रकारांत एक जुना संकेत आहे की २४ फ्रेम्सवर एखादी वस्तू पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला निदान सात सेकंद लागावेत. आमचा सावकाश पॅन त्याच हिशेबाने घेतला होता. वेगवान पॅनमध्ये वाडा दोन सेकंदांत पडदा ओलांडतो. पडदा आठ मीटर रुंद धरला, तर २४ फ्रेम्सवर प्रत्येक खांब दर फ्रेमला सुमारे १७ सेंटिमीटरची उडी मारतो. डोळा मात्र उड्या मारत नाही. तो खांबाचा पाठलाग अखंड करतो. चित्र १/२४ सेकंद एका जागी थांबलेले असते, नजर पुढे सरकत राहते आणि त्या तफावतीमुळे खांबाची कड डोळ्याच्या पडद्यावर फासली जाते. 'क' मध्ये खांबांची एक थरथरणारी जाळी दिसली आणि मी नकळत पडद्याच्या मध्यावर नजर रोखून धरली, म्हणजे पाठलाग सोडूनच दिला. 'ख' मध्ये उडी निम्मी झाली आणि खांबामागून खांब, त्यांवरच्या कोरीवकामासह, वाचता येऊ लागला. 'ग' मध्ये कोरीवकाम पुसट राहिले, परंतु थरथर जवळपास गेली. म्हणजे धक्के कमी होण्याचे श्रेय मुख्यतः फ्रेम्सच्या संख्येला आहे, रेखीवतेला नाही. हा निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्यामुळे दिग्दर्शकाला दोन वेगळ्या कळा मिळतात.

पडद्याचा उजेड वाढवला की 'क' मधील थरथर अधिक टोचते, असेही दिसून आले. लेझर आणि एलईडी पडद्यांचा उजेड वाढत चालला आहे, हे लक्षात घेता २४ चा प्रश्न पुढे अधिक बोचरा होणार आहे.

लेझमीची नोंद सविस्तर करायला हवी. 'क' मध्ये मुलांच्या हातांतील दांडे आणि साखळ्या मिळून एक रुपेरी पट्टा फिरतो. चकत्या वेगळ्या दिसत नाहीत, परंतु पथकाचा एकत्रित डौल ठसतो. वीस हात नव्हे, एक लाट दिसते. 'ख' मध्ये ती लाट फुटते. साखळी ताणली जाण्याआधी चकत्या क्षणभर एका बाजूला घसरतात आणि मग एकदम आदळतात, तो आदळण्याचा क्षण आणि कानावर पडणारा छनकार एका जागी येतात. दुसऱ्या रांगेतील एक मुलगी दर चौथ्या ठेक्याला किंचित उशिरा वाकते, हे 'क' च्या अनेक पाहण्यांत माझ्या ध्यानात आले नव्हते. 'ख' मध्ये ते पहिल्याच वेळी दिसले आणि मग नजर तिच्यावरून हटेना. माहितीपटासाठी ही देणगीच आहे. पण कथेतील दृश्य असते आणि दिग्दर्शकाला त्या क्षणी पथकामागून चालत येणारा माणूस दाखवायचा असता, तर त्या मुलीने प्रेक्षकाची नजर पळवली असती. २४ फ्रेम्स काही तपशील गाळतात, आणि सिनेमाने शंभर वर्षे त्या गाळण्याचा फायदा घेतला आहे.

१७ डिसेंबर २०२४

आज चेहरा पाहिला. स्वगत तेच, आवाज तोच, आणि तरीही 'ख' मधील माणूस वेगळा आहे. 'क' मध्ये एक सरदार बोलतो. 'ख' मध्ये सरदाराचा वेष घातलेला नट बोलतो. मिशांची जाळी वरच्या ओठाला जिथे चिकटवली आहे तिथे 'प'सारख्या ओठ मिटणाऱ्या अक्षरांच्या वेळी ती कडेला किंचित सुटते आणि पुन्हा बसते. ही हालचाल दोन्ही प्रतींत आहे, पण 'क' मध्ये ती ओठांच्या पुसटतेत विरून जाते. पगडीच्या कडेखालचा रंगाचा थरही तसाच उघडा पडतो. अँग ली यांनी २०१६ मध्ये 'बिली लिन्स लाँग हाफटाइम वॉक' १२० फ्रेम्समध्ये केला तेव्हा नटांची रंगभूषा जवळपास टाळली होती, ती का, हे येथे डोळ्यांना पटते. रंगभूषा, केशभूषा, सेटवरचे रंगकाम, इतकेच काय, शब्दामागे हात किती उचलायचा याची नटाची सवय, हे सारे २४ फ्रेम्सच्या चाळणीतून जाणार हे गृहीत धरून घडत आले आहे. चाळणी काढली आणि बाकीचे तसेच ठेवले, तर दोष वेगाला देणे अन्यायाचे आहे.

अर्धे कारण मात्र पडद्यावर नसून आपल्या आठवणीत आहे. दूरदर्शनच्या काळात स्टुडिओत व्हिडिओ कॅमेऱ्याने घेतलेल्या मालिका, मुलाखती आणि नाटके यांत सेकंदाला ५० अर्धचित्रे असत आणि प्रत्येक अर्धचित्र काळाच्या वेगळ्या क्षणाचे असे. चित्रपट दाखवताना तो सेकंदाला २५ फ्रेम्सने चालवून एका फ्रेमची दोन अर्धचित्रे केली जात. परिणामी एकाच टीव्ही संचावर मालिका गुळगुळीत दिसे आणि चित्रपट किंचित अडखळत. कोणी न शिकवता आपण शिकलो की गुळगुळीत म्हणजे स्टुडिओ आणि अडखळते म्हणजे सिनेमा. ज्यांनी रविवारी संध्याकाळी चित्रपट आणि आठवडाभर मालिका पाहिल्या, त्या पिढीला ४८ फ्रेम्समध्ये सेट दिसतो, तो यामुळे. आजचे टीव्ही संच दोन फ्रेम्सच्या मधली चित्रे स्वतः रचून चित्रपटालाही तसेच गुळगुळीत करतात. २०१८ च्या डिसेंबरात अभिनेते टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारी यांनी ही सोय बंद करण्याचे जाहीर आवाहन केले होते, आणि पुढच्या वर्षी ती बंद ठेवणारा टीव्हीचा 'फिल्ममेकर मोड' आला. टीव्हीच्या त्या सोयीत मधल्या फ्रेम्स यंत्राच्या अंदाजाने तयार होतात. आमच्या प्रतींत त्या कॅमेऱ्याने प्रत्यक्ष टिपलेल्या आहेत. हा फरक प्रात्यक्षिकात ठासून सांगायचा आहे.

४ जानेवारी २०२५

चौथी, मिश्र प्रत तयार केली. फाइल सलग ४८ फ्रेम्सची आहे. परंतु चेहऱ्याच्या शॉटमध्ये 'क' मधील प्रत्येक फ्रेम दोनदा ठेवली आहे, म्हणजे तो भाग २४ सारखाच दिसतो. जेम्स कॅमेरून यांनी 'अवतार: द वे ऑफ वॉटर' (२०२२) मध्ये हाच मार्ग धरला होता: पाण्याखालच्या आणि उड्डाणाच्या दृश्यांना ४८, साध्या संभाषणांना दुहेरी फ्रेम्सचे २४. आमच्या प्रतीत लेझमीनंतर थेट चेहरा आला की क्षणभर चित्र अडकल्यासारखे वाटते. मध्ये वाड्याचा सावकाश पॅन 'ग' पद्धतीने घातला, तेव्हा तो सांधा बराच मवाळ झाला. दोन वेगांचे शॉट थेट एकमेकांना भिडवण्यापेक्षा मध्ये पुसटता वाढवलेला शॉट घालावा, असा कामापुरता नियम निघाला.

१२ जानेवारी २०२५

प्रात्यक्षिक पार पडले. प्रती कोणत्या क्रमाने आहेत हे आधी सांगितले नव्हते. उपस्थिती मंडळाच्या नेहमीच्या सभासदांपुरती असल्याने यावरून सर्वसाधारण प्रेक्षकांबद्दल काही ठरवू नये. पण जे ऐकले ते लिहून ठेवतो.

वाड्याच्या पॅनबद्दल वाद झाला नाही. ४८ ची बाजू सर्वांना उजवी वाटली. लेझमीवर मते फुटली. स्वतः लेझीम खेळलेल्या एका काकूंना 'ख' आवडली, कारण त्यांच्या मते त्यात हात दिसतो. त्यांच्या शेजारच्या गृहस्थांना तीच प्रत पाहून गणेशोत्सवातील मोबाइल चित्रणाची आठवण झाली. चेहऱ्याच्या 'ख' प्रतीला वयस्क सभासदांनी लगेच 'नाटकाची कॅसेट' म्हटले. महाविद्यालयीन मुलांना तेच चित्र खटकले नाही. ६० फ्रेम्सचे गेम आणि मोबाइल व्हिडिओ त्यांच्या रोजच्या पाहण्यात आहेत आणि गुळगुळीतपणाशी स्टुडिओची आठवण त्यांच्या मनात जोडलेली नाही. मिशांची सुटणारी कड मात्र त्यांनीच आधी ओळखली.

स्वगत म्हणणारे नटही आले होते. 'ख' पाहून ते म्हणाले, "हे असं दाखवणार असाल तर मी निम्मंच करायला हवं होतं." रंगभूषेपेक्षा त्यांना आपल्या भुवया जास्त खटकल्या होत्या. माझ्या टिपणात अभिनयाचा उल्लेख एका वाक्यापुरता होता. त्यावर स्वतंत्र चाचणी घेण्याजोगे हे निरीक्षण आहे.

१८ जानेवारी २०२५

पुढच्या लघुपटाच्या शॉट यादीत लेन्स आणि कॅमेऱ्याची हालचाल यांच्या शेजारी 'वेग' आणि 'शटर' असे दोन नवे रकाने टाकले. कॅमेरा किंवा माणूस पडदा सात सेकंदांहून लवकर ओलांडत असेल तेथे ४८ आणि पूर्ण उघडे शटर. हातांची कारागिरी दाखवायची असेल तेथे ४८ आणि १८० अंश. संवादांना २४, दुहेरी फ्रेम्सने. चित्रपट एका वेगाचा असलाच पाहिजे, हा आग्रह फिल्मच्या रिळाबरोबर संपायला हवा होता, असे माझे मत आता झाले आहे. नटांनी मान्य केल्यास तेच स्वगत रंगभूषेशिवाय आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे निम्मे करून पुन्हा ९६ वर घ्यायचे आहे. तारीख त्यांच्या प्रयोगांच्या वेळा पाहून ठरेल. मिश्र प्रतीची एक फाइल ऑपरेटर काकांनी प्रेक्षागृहाच्या सर्व्हरवर ठेवून घेतली आहे.